अल्कोहोलमध्ये बसलेला पांढरा पदार्थ: वजन करण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खाऱ्या पाण्याच्या कडेला वाढणाऱ्या मायक्रोबियल मॅटमधून (सूक्ष्मजीवांच्या चटईसारख्या थरातून) तुम्ही एक तंतुमय सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारा जीवाणू) वेगळा केला आणि द्रव मीडियममध्ये वाढवला. पेशी सेंट्रिफ्यूज करून बाजूला काढल्या, वरच्या पाण्यात थंड अल्कोहोल ओतलं, तर पांढरा पदार्थ आला. फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत साखर दिसते, पण दर बॅचला वजन वेगळं येतं. शिवाय थेट मॅटमधून काढलेल्या पदार्थातल्या साखरा कल्चरमधल्या साखरांशी जुळत नाहीत. आता उत्पादन वाढवायचं कसं, आणि झँथनसारखा दाटपणा आणणारा पदार्थ म्हणून याला काही भवितव्य आहे का, हे तुम्हाला हवंय.

उत्पादनाचं उत्तर मी देईन, पण नंतर. तुमची खरी अडचण आधीची आहे. जो पदार्थ तुम्ही मोजताय तो किती टक्के बहुशर्करा (साखरांच्या लांब साखळ्यांचा पॉलिमर) आहे आणि ती बहुशर्करा कोणी बनवली, या दोन्ही गोष्टी अजून पक्क्या नाहीत. त्या पक्क्या होईपर्यंत प्रकाश वाढवा, नायट्रेट कमी करा, काहीही करा, आकडे नाचतच राहणार. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं तुमच्या जातीवर, मीडियमच्या खारटपणावर आणि पदार्थ शेवटी कशासाठी हवाय यावर अवलंबून आहे. जिथे तसं आहे तिथे सांगतो.

पहिला संशयित मीठ. समुद्री जातींसाठी आपण सर्रास वापरतो त्या एएसएन-३ मीडियममध्ये लिटरला २५ ग्रॅम मीठ, ३.५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अर्धा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असतं. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅमच्या वर क्षार. समजा तुमच्या जातीने लिटरला २०० मिलिग्रॅम बहुशर्करा सोडली. क्षार तिच्या दीडशे पट झाले. त्यातले फक्त १ टक्का जरी अल्कोहोलमध्ये खाली बसले, तरी ते ३०० मिलिग्रॅम भरतात. तराजू ५०० दाखवेल, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग दगड असेल. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची सल्फेटं तर अल्कोहोल दिसलं की बसायलाच टपलेली असतात. किती बसतील हे अल्कोहोलचं प्रमाण, तापमान आणि तुम्ही किती वेळ ठेवलं यावर ठरतं, म्हणून प्रत्येक बॅचला आकडा वेगळा. तुमच्या चढउताराचा मोठा वाटा इथेच असावा असा माझा अंदाज आहे.

त्यामुळे खाऱ्या मीडियममध्ये क्रम बदला: आधी डायलिसिस (बारीक छिद्रांच्या नळीत भरून पाण्यात ठेवायचं, क्षार बाहेर जातात, लांब साखळ्या आत राहतात), मग अल्कोहोल. १२ ते १४ हजार डाल्टनची नळी बहुतेक जातींना पुरते, कारण या साखळ्या त्याहून खूपच मोठ्या असतात. डिस्टिल्ड वॉटर बदलत राहा आणि बाहेरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी ताज्या पाण्याइतकी खाली येईपर्यंत थांबू नका. ‘एक रात्र ठेवलं’ हे काही मोजमाप नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऋणभारित साखळ्यांना धरून बसतात आणि नुसत्या पाण्याने सहजी सुटत नाहीत. ते काढायचेच असतील तर पहिल्या एकदोन बदलांत पातळ मिठाचं पाणी किंवा थोडं ईडीटीए (हे आयन पकडून नेणारं रसायन) वापरा, मग शुद्ध पाण्यावर या. काढायचे की ठेवायचे हे वापरावर ठरतं. त्याकडे खाली परत येतो.

इथे एक गंमत आहे, जी नव्या माणसाला हमखास चकवते. नीट डायलिसिस केलेल्या द्रावणात अल्कोहोल ओतलं की कधी कधी काहीच बसत नाही, फक्त दुधट झाक येते. मग वाटतं, पॉलिमर नळीतून निसटला. तसं नसतं. साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलत असतात आणि ते झाकायला धन आयन उरलेले नसतात. चिमूटभर सोडियम क्लोराइड घाला, तोच पदार्थ झटकन बाहेर येईल. मग त्याला ७० टक्के अल्कोहोलने धुवा. किंवा अल्कोहोलची पायरीच गाळून डायलिसिसनंतर थेट फ्रीझ-ड्राय करा (गोठवून निर्वातात सुकवा). लहान प्रमाणात मी हेच करतो.

पदार्थ बसताना कसा दिसतो याकडेही लक्ष द्या. लांब साखळ्या असतील तर अल्कोहोल मिसळत असताना धागे धरतात, काचेच्या कांडीला गुंडाळले जातात, हवेचे बुडबुडे अडकून वर तरंगतात. क्षार बारीक भुकटीसारखे तळाला जातात आणि हलवलं की ढगासारखे उठतात. पण धागे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, फुटलेल्या पेशींतला डीएनए अगदी असेच पांढरे धागे देतो. थोडा पदार्थ पाण्यात विरघळवून २६० नॅनोमीटरला वाचा. तिथे ठळक उंचवटा असेल तर उत्तर मिळालं. शिवाय वजन केलेला थोडा नमुना ५५० अंशांवर भट्टीत जाळून राख मोजा. ऋणभारित पॉलिमरला त्याचे स्वतःचे सोबती आयन असतात, त्यामुळे राख शून्य येणार नाही. मात्र ती निम्म्यावर गेली तर डायलिसिसकडे परत जा.

आता फिनॉल-सल्फ्युरिक. ड्युबॉ आणि सहकाऱ्यांची १९५६ सालची ही पद्धत स्वस्त आणि दणकट आहे, म्हणून आपण सगळे ती वापरतो. तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेवढं माहीत असावं. ती साखर आहे एवढं सांगते, कुठली हे सांगत नाही. ग्लुकोजचा स्टँडर्ड लावून ४९० नॅनोमीटरला वाचलेला आकडा हा ‘ग्लुकोजइतकी’ साखर असा आकडा असतो. युरॉनिक आम्लं (आम्लधर्मी साखरा) या चाचणीत ग्लुकोजच्या मानाने खूपच फिका रंग देतात, आणि सायनोबॅक्टेरियाच्या साखळ्यांत ती बऱ्याचदा भरपूर असतात. म्हणजे तुमचा पॉलिमर जितका आम्लधर्मी तितका हा आकडा खऱ्याहून कमी येतो. उलट्या दिशेची चूक नायट्रेटमुळे होते. तीव्र सल्फ्युरिक आम्लात फिनॉल आणि नायट्रेट मिळून पिवळा रंग देतात, आणि बीजी-११ या नेहमीच्या मीडियममध्ये लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. डायलिसिस न केलेलं पाणी थेट चाचणीला लावत असाल तर पाण्याचा ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) लावून भागणार नाही, कल्चर न टाकलेल्या मीडियमचा ब्लँक हवा. त्यातही कल्चरने नायट्रेट खाल्लेलं असतं, म्हणजे तो ब्लँकही तंतोतंत नाहीच. डायलिसिस करून मोजणं सगळ्यात सरळ. युरॉनिक आम्लांसाठी मेटा-हायड्रॉक्सिडायफेनिलची वेगळी चाचणी आहे, ५२० नॅनोमीटरला वाचतात. ती लावाच.

पेशी फुटल्या का हे तपासणं त्याहून सोपं आहे. सायनोबॅक्टेरियातलं फायकोसायनिन पाण्यात विरघळतं आणि ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी निळसर दिसत असेल तर पेशींच्या पोटातला माल बाहेर आला आहे. त्या मालात ग्लायकोजेन असतं, ते शुद्ध ग्लुकोजचं बनलेलं असतं आणि अल्कोहोलमध्ये छान पांढरं बसतं. ‘आमच्या जातीचा पॉलिमर ८० टक्के ग्लुकोजचा आहे’ असा निकाल समोर आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, वरचं पाणी कुठल्या रंगाचं होतं? नमुन्याला ग्लायकोजेन तोडणारं अमायलेज (ग्लुकोअमायलेज) लावा. ग्लुकोज सुटून आलं तर ते ग्लायकोजेन, बाहेर स्रवलेला पॉलिमर नव्हे. जास्त वेगाने फिरवणं, गोठवून वितळवणं, जुनं पिवळं पडलेलं कल्चर वापरणं, या सगळ्यात पेशी फुटतात.

दोन छोट्या गोष्टी. आगर प्लेटवरून खरवडून काढलेल्या नमुन्यात गॅलॅक्टोज सापडलं तर ते आगरचंही असू शकतं, आगर मुळात गॅलॅक्टोजचाच पॉलिमर आहे. आणि सेल्युलोजच्या गाळणकागदाचे बारीक तंतू ग्लुकोज वाढवतात, म्हणून काचतंतूचा गाळणकागद बरा.

आता ही बहुशर्करा कोणी बनवली, हा प्रश्न. मॅट म्हणजे एकट्या सायनोबॅक्टेरियाचं घर नसतं. वरच्या मिलिमीटरभर थरात मायक्रोकोलियससारखे तंतू असतात. खारट मॅटमधला त्यातला नेहमीचा आता कोलिओफॅसिक्युलस क्थोनोप्लास्टेस या नावाने ओळखला जातो, त्याचे अनेक तंतू एकाच म्यानात (तंतूंभोवतीच्या आवरणात) जुडीने राहतात. खाली जांभळे गंधक-जीवाणू, त्याखाली सल्फेट वापरणारे जीवाणू. आणि या सगळ्यांत मिसळून असे असंख्य जीवाणू, जे सायनोबॅक्टेरियाने दिवसा बनवलेली साखर खाऊन जगतात. ते नुसते खात नाहीत, स्वतःचे चिकट पदार्थही बनवतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या प्रवाळबेटांवर ‘कोपारा’ नावाच्या जाड मॅट असतात. त्यांतून वेगळे केलेले काही परपोषी जीवाणू प्रयोगशाळेत साखर दिली की भरपूर बहुशर्करा सोडतात. म्हणजे मॅटमधला चिकटपणा दिसतो हिरव्यांचा, पण त्यात हातभार अनेकांचा.

त्यात भर म्हणून मॅटमधला पदार्थ सतत बदलत असतो. ताज्या साखळ्यांवरचे ऋणभार पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला कार्बोनेट बसू शकत नाही. मग जीवाणू ती साखळी कुरतडतात, धरलेलं कॅल्शियम सुटतं, आणि त्याच जागी चुनखडी जमायला लागते. बहामामधल्या हायबोर्न के बेटाच्या स्ट्रोमॅटोलाइटवर (मॅटच्या थरांनी बनलेल्या खडकांवर) हा क्रम बारकाईने अभ्यासला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेच्या हॅमलिन पूलमधले स्ट्रोमॅटोलाइटही अशाच थरांनी वाढतात. तुमच्यासाठी यातला मुद्दा एवढाच: मॅट खरवडून काढलेला अर्क म्हणजे ताजा स्राव, अर्धवट खाल्लेल्या साखळ्या, जीवाणूंचे पॉलिमर आणि मेलेल्या पेशींचा कचरा यांची बेरीज असते. कल्चरशी तो जुळला असता तर मला उलट आश्चर्य वाटलं असतं. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मॅट कशी टिकते हे शोधायचं असेल तर मॅटचा अर्क घ्या. एका जातीचा पॉलिमर हवा असेल तर कल्चर, आणि तेही शुद्ध.

शुद्ध म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली एकाच प्रकारचे तंतू दिसतात एवढ्यावर भागत नाही. जीवाणू म्यानाच्या चिकट भागातच घर करून असतात आणि साध्या प्रकाशात सहज नजरेतून सुटतात. डीएपीआय (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) लावून बघा. मीठ घातलेल्या पौष्टिक आगरवर रेघा ओढून अंधारात ठेवा. बिनमिठाच्या प्लेटवर काही उगवलं नाही म्हणून कल्चर शुद्ध ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. समुद्री जीवाणू तिथे उगवणार तरी कसे? शंका राहिलीच तर १६एस जीनचं (जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या जीनचं) सिक्वेन्सिंग करून घ्या.

शुद्ध करायला सगळ्यात कामाचा गुण म्हणजे या तंतूंची सरपटण्याची सवय. प्लेटच्या एका बाजूने प्रकाश द्या, तंतू तिकडे सरकतात आणि सोबतचे बरेच जीवाणू मागे पडतात. पुढे गेलेल्या टोकाचा आगरचा बारीक तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवा, पुन्हा तेच. नॉस्टॉकसारख्या जातींत हॉर्मोगोनिया सुटतात तो क्षण गाठा. हे तुकडे आखूड, हलणारे आणि बिनम्यानाचे असतात, त्यांच्याभोवती जीवाणू सर्वांत कमी. प्रतिजैविकांचा मोह मी टाळतो. सायनोबॅक्टेरिया स्वतःही बॅक्टेरियाच आहेत, बहुतेक औषधांनी आधी तेच मरतात. आणि एक कटू वस्तुस्थिती अशी की काही जाती पूर्ण एकट्या केल्या की नीट वाढतच नाहीत, जीवनसत्त्व बी-१२ मीडियममध्ये घालून पाहा. तरीही जमलं नाही तर सोबत्यांसकट काम करा, फक्त तसं स्पष्ट लिहा आणि त्या सोबत्यांना वेगळं वाढवून त्यांचा पॉलिमरही एकदा तपासा.

शाईची एक चाचणी मी प्रत्येकाला करायला लावतो. कल्चरचा एक थेंब आणि इंडिया इंकचा एक थेंब काचपट्टीवर मिसळा, कव्हरस्लिप ठेवा. शाईचे काळे कण पॉलिमरमध्ये शिरू शकत नाहीत, त्यामुळे तंतूभोवती स्वच्छ कोरी जागा दिसते. ती पातळ, रेखीव आणि शाईशिवायही दिसणारी असेल तर म्यान. जाड, पेशीला लगटून आणि ठळक कडेची असेल तर कॅप्सूल. कडाच नसेल, शाई हळूहळू फिकट होत गेली असेल तर सैल स्लाइम. तुम्ही अल्कोहोलने काढता तो पाण्यात सुटलेला भाग, तो बहुधा स्लाइम आणि कॅप्सूलचा बाहेरचा अंश असतो. तुमच्या जातीचा बराचसा पॉलिमर म्यानात अडकलेला असेल तर तो पेशींसोबत सेंट्रिफ्यूजच्या तळाशी जातोय आणि तुम्ही तो फेकून देताय. तो सोडवायला ईडीटीए किंवा कोमट ते गरम पाणी वापरतात. दोन्हीत पेशी फुटतात का ते फायकोसायनिनने पाहत राहायचं. म्यान तपकिरी-पिवळं असेल तर त्यात सायटोनेमिन हे अतिनील किरणांपासून बचाव करणारं रंगद्रव्य आहे, ते पाण्याने जात नाही, आणि त्याचा रंग पुढच्या सगळ्या रंग-चाचण्यांत लुडबूड करतो.

हे सगळं नीट झालं की पदार्थ कसा निघायला हवा? सायनोबॅक्टेरियाच्या बाह्य बहुशर्करा इतर जीवाणूंच्या मानाने फार गुंतागुंतीच्या असतात. बहुतेकांत सहा किंवा त्याहून जास्त प्रकारच्या साखरा सापडतात: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, ऱ्हॅम्नोज, फ्यूकोज, झायलोज, अरॅबिनोज, वर ग्लुकुरॉनिक किंवा गॅलॅक्टुरॉनिक आम्ल, आणि पुष्कळदा सल्फेट. तुमच्या निकालात दोनच साखरा असतील तर संशय घ्या. मात्र तोडणीच्या पायरीवरही, म्हणजे साखळी आम्लाने तोडून साखरा सुट्या करताना, घोळ होतो. २ मोलर ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लात १२० अंशांवर युरॉनिक आम्लाचा बंध सहजी तुटत नाही, तेवढ्यात नाजूक साखरा मात्र खराब व्हायला लागतात. एकच वेळ ठरवून मोकळं होऊ नका. एक, दोन आणि चार तासांचे नमुने घ्या, कुठली साखर चढते आणि कुठली उतरते ते बघा.

सल्फेटबद्दल विशेष सावधगिरी, कारण ‘सल्फेटयुक्त’ म्हटलं की पदार्थाचा भाव वाढतो. एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटात) १२४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास पट्टा दिसला म्हणजे सल्फेट आहेच असं नाही, फॉस्फेट आणि अॅसेटाइल गटही त्याच परिसरात वावरतात. तुमच्या मीडियममध्ये मॅग्नेशियम सल्फेट ओतलेलं आहे. म्हणून बेरियम क्लोराइडची चाचणी तोडणीआधी आणि तोडणीनंतर, दोन्ही वेळा करा. आधीच गढूळपणा आला तर ते मोकळं सल्फेट, फक्त नंतर आला तर साखळीला जोडलेलं. काचपट्टीवर अल्शियन ब्लू हा रंगही मदत करतो. पीएच २.५ ला कार्बोक्सिल आणि सल्फेट दोन्ही रंगतात, पीएच १ ला जवळपास फक्त सल्फेट.

इथवरचं आवरतो: मीठ काढा, राख आणि डीएनए बघा, फुटलेल्या पेशी आणि ग्लायकोजेन वगळा, जीवाणूंचा हिशोब लावा, मग मोजा. आता तुमचा मूळ प्रश्न.

उत्पादन वाढवण्यामागचा तर्क सोपा आहे. प्रकाश भरपूर, कार्बन भरपूर, पण पेशी वाढायला काहीतरी कमी पडतंय, अशा वेळी जादा कार्बन कुठेतरी टाकावा लागतो. बाहेर सोडलेली साखर ही त्यातली एक वाट. म्हणून प्रकाश वाढवणं, हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळणं आणि नायट्रेट कमी करणं हे तीन उपाय सगळे सांगतात. पण नायट्रेट तोडल्यावर कित्येक जाती तो कार्बन बाहेर न सोडता आत ग्लायकोजेन म्हणून साठवतात, आणि वर प्रकाश शोषणारी स्वतःची रंगद्रव्यंच मोडून खातात. कल्चर पिवळं पडतं, प्रकाशसंश्लेषण मंदावतं, पॉलिमर वाढत नाही. हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जातींत तर चित्र आणखी वेगळं, तिथे नायट्रेट काढणं म्हणजे उपासमार नव्हेच. काही जाती वाढतानाच पॉलिमर सोडतात, काही वाढ थांबल्यावर. तेव्हा तुमच्या जातीचा वक्र तुम्हालाच काढावा लागेल. पूर्ण वाढीच्या काळात ठरावीक दिवसांनी पेशींचं कोरडं वजन, क्लोरोफिल आणि पॉलिमर तिन्ही मोजा. निकाल लिटरमागे आणि पेशींच्या ग्रॅममागे, दोन्ही पद्धतींनी लिहा. नुसता लिटरमागचा आकडा चढला आणि पेशीही तितक्याच चढल्या, तर तुम्ही फक्त जास्त वाढवलंय.

तंतुमय जातींत चढउताराचं आणखी एक साधं कारण असतं. हे तंतू गोळे करून राहतात. हलवलेल्या फ्लास्कमधून पिपेटने काढलेले १० मिलिलिटर कधीच प्रातिनिधिक नसतात, एकदा गोळा येतो, एकदा नुसतं पाणी. मोजणीच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळे छोटे फ्लास्क लावा आणि त्या दिवशी अख्खा फ्लास्क संपवा. काढणीची वेळही रोज तीच ठेवा, कारण दिवसा साठवलेलं रात्री वापरलं जातं. आणि कल्चर दाट होत गेलं की वायूंची देवाणघेवाण आणि प्रकाश दोन्ही कमी होतात. म्हणजे पॉलिमर स्वतःच पुढच्या पॉलिमरच्या आड येतो. त्या अवस्थेत सेंट्रिफ्यूजनेही पेशी नीट बसत नाहीत. थोडं पाणी घालून पातळ करा, पण ते पाणी हिशोबात धरा. मूळ जातीचा गोठवलेला साठा आजच ठेवा. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत फिरवलेल्या जातींचा चिकटपणा कमी होत जातो, हा अनुभव अनेकांचा आहे.

जीन बदलून उत्पादन वाढवता येईल का, असं पुढचं कोणी विचारेलच. सायनोबॅक्टेरियात ही जीन्स एका जागी गटाने नसून जिनोमभर विखुरलेली, एकाहून अधिक प्रतींत सापडतात. निसर्गातून आणलेल्या जातीवर तो उद्योग इतक्यात नको.

झँथनशी तुलना मात्र सोडून द्या. झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस साखर खाऊन बंद टाकीत, अंधारात, काही दिवसांत लिटरला २० ग्रॅमच्या वर झँथन बनवतो. त्याची साखळी पाच साखरांच्या एकाच तुकड्याची पुनरावृत्ती, म्हणून दर बॅचला माल सारखा. अमेरिकेत १९६९ पासून तो अन्नात चालतो. प्रकाशावर जगणारा सायनोबॅक्टेरिया आठवड्यांनंतर बहुधा लिटरला एक ग्रॅमच्या आतबाहेर असतो. साधा दाटपणा एवढाच गुण विकायचा असेल तर ही शर्यत सुरू होण्याआधी संपलेली आहे. केनियातल्या मागादी सरोवरातून आलेल्या सायनोस्पायरा कॅप्स्युलाटासारख्या चांगल्या उत्पादक, अभ्यासलेल्या जातींनीही झँथनची जागा घेतलेली नाही.

किंमत मिळते ती वेगळेपणाला. जपानमधल्या क्युशू बेटावर गोड्या झऱ्यांत वाढणाऱ्या अॅफॅनोथिसे सॅक्रम या सायनोबॅक्टेरियापासून ‘सॅक्रन’ ही बहुशर्करा काढतात. त्याचं रेणूवजन एक कोटी डाल्टनच्या वर जातं, तो स्वतःच्या वजनाच्या हजारो पट पाणी धरतो आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरला जातो. स्पिरुलिनातून जपानी संशोधकांनी १९९६ साली मांडलेल्या कॅल्शियम स्पिरुलनचं उदाहरण तुम्हाला जास्त शिकवेल. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याने आवरण असलेल्या विषाणूंची वाढ रोखली, आणि सल्फेटला धरून असलेलं कॅल्शियम त्या परिणामासाठी आवश्यक मानलं गेलं. वर मी ईडीटीएबद्दल ‘वापरावर ठरतं’ म्हणालो ते म्हणूनच. शुद्ध करण्याच्या भरात तुम्ही नेमका कामाचा आयनच धुऊन काढू शकता. यातलं एकही उदाहरण खाऱ्या मॅटमधलं नाही, हेही लक्षात असू द्या. जड धातू धरून ठेवण्यात ऋणभारित साखळ्या चांगल्या असतात. आणि वाळू बांधण्याच्या कामी तर पॉलिमर काढायचीच गरज नसते, चीनच्या वाळवंटी भागांत मायक्रोकोलियससारख्या जिवंत तंतूंचीच पेरणी करून कवच तयार केलं गेलं आहे. काढणी वाचली की सगळ्यात मोठा खर्च वाचतो. तुमची जात मॅटमधली आहे, वाळूचे कण बांधणं हा तिचा मूळ धंदा. मी तुमच्या जागी असतो तर ही दिशा आधी चाचपली असती.

माणसाच्या शरीराशी संबंध येणार असेल तर दोन तपासण्यांना पर्याय नाही. मॅटमधले काही सायनोबॅक्टेरिया विषं बनवतात, तुमची जात त्यातली नाही याची खात्री हवी. शिवाय सायनोबॅक्टेरियाच्या बाह्य पटलात लायपोपॉलिसॅकराइड (प्रतिकारशक्तीला चिथावणारा, साखर आणि मेदाचा पदार्थ) असतं, ते तुमच्या पॉलिमरसोबत अल्कोहोलमध्ये बसतं. प्रतिकारशक्तीवर परिणाम दिसला असं सांगण्याआधी ते शोधणारी लिम्युलस चाचणी करा, नाहीतर तो परिणाम कोणाचा हे सांगता येणार नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून आलेल्या चांगल्या निकालांमागेही कित्येकदा उरलेलं फायकोसायनिन असतं.

तुमच्याकडे असलेल्या जुन्या बॅचेस फेकू नका. त्यातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वजनाच्या दोन घ्या, दोन्ही पुन्हा विरघळवून कंडक्टिव्हिटी उतरेपर्यंत डायलिसिस करा, फ्रीझ-ड्राय करून परत तोला. सोबत राख, २६० चं रीडिंग आणि अमायलेजचा निकाल घ्या. हे चार आकडे, मीडियमचं नाव आणि शाईच्या थेंबातला फोटो इथे टाकलात तर नायट्रेटला हात लावायचा की नाही ते नेमकं सांगता येईल.